चाकांवरचा संसार : व्हॅनला दुसरी टाकी?



ज्यांच्या घरी एके काळी गॅसचं 'डबल सिलिंडर' कनेक्शन होतं, त्यांना आजचा विषय लगेच कळेल. पाहुणे जेवायला बसलेले, पुरीसाठी तेल तापलेलं आणि ऐन वेळी ज्योत निळ्याची पिवळी होऊन फुस्स! अशा वेळी कोपऱ्यातला दुसरा सिलिंडर म्हणजे साक्षात परमेश्वर. शेजारीपाजारीही त्या घराकडे जरा आदरानं बघत. नळाचं पाणी जायच्या आत पिंप, घंगाळ, बादल्या, झालंच तर पातेली भरून ठेवणारी आपण माणसं. चेतक स्कूटर रिझर्व्हला आली की चावी फिरवायची आणि रिझर्व्हही संपलं की स्कूटर एका अंगाला कलती करून उरल्यासुरल्या थेंबांवर पंप गाठायचा, हे ज्ञान आपल्याला वाहन चालवण्याच्या परवान्याआधी मिळालेलं. तेव्हा अमेरिकेत येऊन आपल्यापैकी कुणाला गाडीला दुसरी टाकी बसवावीशी वाटली, तर त्यात नवल ते काय!

हा प्रश्न आम्हांला आयसेलिनच्या एका स्नेह्यांनी विचारला. "नाव छापू नका, नाहीतर आमची ही वाचेल," असं बजावल्यामुळे आपण त्यांना ढोलवाले काका म्हणू. काकांकडे पंधरा माणसांची मोठी व्हॅन आहे, पेट्रोलवर चालणारी. (आपण इथे 'गॅस' म्हणतो, पण वर सिलिंडरचा गॅस येऊन गेल्यामुळे या लेखापुरतं पेट्रोलच म्हणू.) व्हॅनमागे बंदिस्त ट्रेलर. त्यात ढोल, ताशे, झांजा, ध्वज, साउंड सिस्टिम आणि मंडपाचे पाइप. ऑगस्टमध्ये ओक ट्री रोडवरच्या परेडला जायचं तर टाकीचा प्रश्नच येत नाही, व्हॅन ढकलत नेली तरी पोचेल! पण पथकाला आता बॉस्टनहून, मेरिलँडहून बोलावणी येतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं तर देशभर फिरत असतात. 2013 साली प्रॉव्हिडन्स होतं, ते इथून दोनशे मैलांच्या आसपास. 2017 साली मिशिगनमधलं ग्रँड रॅपिड्स, म्हणजे जवळजवळ सातशे मैल.

"अहो, अंतराचं काही नाही," काका म्हणाले, "पंपावर ट्रेलर वळवताना घाम फुटतो हो! मागे हॉर्न, पुढे खांब आणि व्हॅनमध्ये बारा मुलं एकदम सूचना देतायत. एकदा भरलं की थेट सुटलो, असं काहीतरी करा की."

प्रश्न अगदी रास्त आहे. तेव्हा आधी हिशेब मांडू.

टाकीचा हिशेब

अशा मोठ्या व्हॅनच्या टाकीत साधारण 35 गॅलन पेट्रोल मावतं. तळाचे पाच गॅलन सोडून द्या, काटा शून्यावर आणणं हे काही शौर्याचं काम नव्हे. उरले 30. ट्रेलर नसताना गॅलनला 13 मैल धरले, तर 390 मैल झाले. ट्रेलर लावला, माणसं भरली, पेनसिल्व्हेनियातले चढ लागले की तेच साडेआठवर येतं. म्हणजे 255 मैल. सातशे मैलांच्या प्रवासात वाटेत दोनदा भरावं लागणार.

आता वीस गॅलनची जादा टाकी बसवली असं धरू. वापरायला 50 गॅलन मिळाले, म्हणजे 425 मैल. वाटेत एकदाच भरावं लागेल. एवढा खटाटोप करून वाचलं काय, तर पंपावरचा एक थांबा. फार तर वीस मिनिटं.

आणि त्या वीस मिनिटांचं तरी काय? साठच्या वेगानं सातशे मैल म्हणजे बारा तास. बारा मुलं, दोन आज्या आणि एक मधुमेही काका (तेच, ढोलवाले) गाडीत असताना गाडी सलग किती चालते, हे सुज्ञांस सांगणे न लगे. अडीच तासांनी कुणाचं ना कुणाचं "काका, थांबा ना!" येतंच. म्हणजे चार थांबे तसेही ठरलेले, त्यांतल्या दोन ठिकाणी पेट्रोल भरून घ्यायचं. गाडीच्या टाकीपेक्षा माणसाची टाकी लहान असते, आणि ती मोठी करून मिळत नाही!

राहिली पैशांची बाब. जर्सीकरांना एक जुनी सवय आहे. बाहेरच्या राज्यात भरायचं नाही, परत येऊन 'आपल्या' पंपावरच भरायचं. जर्सीचा पेट्रोलवरचा कर खरोखरच कमी होता, पण 2016 साली 1 नोव्हेंबरला तो गॅलनमागे 23 सेंटांनी वाढला आणि ती मिजास बरीच उतरली. तरी शेजारच्या राज्यात गॅलनला वीस सेंट जास्त पडतात असं धरा. वीस गॅलनच्या जादा टाकीनं एका खेपेला चार डॉलर वाचले. ओक ट्री रोडवर एक चहा आणि एक सामोसा. टाकी, पंप, नळ्या आणि मजुरी धरून हजार डॉलर जरी लागले, तरी ते वसूल व्हायला अडीचशे खेपा. तोवर ताशा वाजवणारी मुलं स्वतःच्या मुलांना घेऊन येतील.

बैलगाडी उलाळ होते तेव्हा

पण पैसा आणि वेळ ही खरी अडचण नाही. अडचण वजनाची आहे, आणि ते वजन कुठे बसतं याची.

गॅलनभर पेट्रोलचं वजन सुमारे सहा पौंड. वीस गॅलनचे 120. टाकीचा पत्रा, पट्टे, पंप वगैरे धरून 170 पौंड म्हणा. एक दणकट माणूसच जादा बसवला म्हणायचा. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण हा माणूस बसवायचा कुठे? व्हॅनखाली मोकळी जागा बहुधा मागच्या ॲक्सलच्याही मागे असते. आणि ट्रेलरचा हिच तर आणखी मागे.

गावाकडे बैलगाडी भरताना जाणती माणसं एकसारखी ओरडत, "मागं लई झालं, उलाळ होईल!" ओझं चाकांच्या मागे जास्त गेलं की गाडी मागे कलंडते, जू वर उचललं जातं आणि बैल लटकतात. व्हॅनचंही तेच शास्त्र आहे, फरक इतकाच की बैलांच्या जागी पुढची चाकं असतात.

समजा ट्रेलर भरून चार हजार पौंडांचा झाला. त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर यायला हवा, तो 500 पौंड धरू. व्हॅनच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साडेअकरा फूट आणि हिच मागच्या ॲक्सलच्या मागे पाच फूट. तर मागच्या ॲक्सलवर 500 नव्हे, सुमारे 717 पौंड येतात आणि पुढच्या चाकांवरचे 217 कमी होतात. आता आपली टाकी ॲक्सलच्या मागे चार फुटांवर लटकवली. तिचे 170 पौंड मागे 230 होऊन बसतात आणि पुढून आणखी 60 उचलतात. दोन्ही मिळून मागे साडेनऊशे पौंडांची भर आणि पुढे पावणेतीनशेंची वजाबाकी. पुढची चाकं म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा वाटा. तीच हलकी झाली तर पावसात, उतारावर, वळणावर गाडी ऐकणार कुणाचं?

उलट दिशेचीही चूक करू नका. "हिचवर वजन नको ना, मग ढोल ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवू," असं कुणी तरी म्हणतंच. मग ट्रेलरच उलाळ होतो आणि हायवेवर शेपटी हलवायला लागतो. ट्रेलरची ही डुगडुग एकदा वाढली की मोठमोठ्यांना आवरत नाही.

त्यात काकांची गाडी पंधरा माणसांची. या व्हॅन रिकाम्या असताना शहाण्या असतात, भरल्या की स्वभाव बदलतो. अमेरिकन सरकारच्या हायवे सुरक्षा खात्यानं 2001 साली खास इशारा दिला होता की दहा किंवा जास्त माणसं बसली, तर एकट्या गाडीच्या अपघातात ती उलटण्याचं प्रमाण हलक्या भरलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट होतं. माणसं मागच्या ॲक्सलच्या मागेही बसतात आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर आणि मागे सरकतो, हे त्याचं कारण. तेव्हा अशा व्हॅनच्या मागच्या अंगाला आणखी एक पौंडही टांगण्याआधी दहादा विचार करावा.

टाकी कुठे असावी

"पण अहो, पूर्वी कंपनीतूनच दोन टाक्या यायच्या की!" इति आमचे दुसरे एक स्नेही, जे सत्तरच्या दशकात इथे आले आणि तेव्हाच्या गाड्यांविषयी अजून हळवे होतात. खरं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पिकअप आणि मोठ्या व्हॅनना दोन टाक्या मिळत. डॅशबोर्डवर एक बटण असे, पुढची संपली की मागची. मग त्या गेल्या का?

एक म्हणजे इंजिनं बदलली. फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो आणि उरलेलं परत टाकीत येतं. दोन टाक्या असल्या की जिथून घेतलं तिथेच ते परत जायला हवं. मधला व्हॉल्व्ह बिघडला तर घेतलं एकीतून आणि परतलं दुसरीत, आणि दुसरी आधीच भरलेली असली तर ओसंडून रस्त्यावर.

दुसरं म्हणजे टाकीची जागा. फोर्ड पिंटो या छोट्या गाडीची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे होती. मागून धडक बसली की आग. 1978 साली तिच्यासह सुमारे पंधरा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जनरल मोटर्सच्या 1973 ते 1987 च्या पिकअपना टाक्या चौकटीच्या बाहेर, दोन अंगांना होत्या. बाजूची धडक बसली की धोका. ते प्रकरण 1994 साली सरकारशी पाच कोटी दहा लाख डॉलरच्या तडजोडीनं मिटलं. या सगळ्यातून एक धडा मिळाला. टाकी चौकटीच्या आत आणि जमेल तितकी ॲक्सलच्या पुढे हवी. आणि हौसेची दुसरी टाकी नेमकी बसते कुठे, तर जिथून ती शहाण्यांनी हलवली तिथेच!

गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिची इंधनव्यवस्था धडकेच्या कसोटीला उतरलेली असते. मागून येणाऱ्या धडकेची कसोटी आधी ताशी 30 मैलांची होती, 2003 च्या नियमानं ती 50 वर नेली. आपण गल्लीतल्या वेल्डरकडून लावून घेतलेल्या टाकीची परीक्षा कुणी घेतली? कायदा असा आहे की गॅरेजवाल्यानं जाणूनबुजून ही सुरक्षा निकामी करता कामा नये. मालकानं स्वतःच्या हातानं केलं तर ते कलम त्याला लागत नाही. प्रदूषणाचा कायदा मात्र मालकालाही सोडत नाही. पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून टाकीला कोळशाचा डबा, नळ्या, व्हॉल्व्ह अशी बंदिस्त व्यवस्था असते, तिला हात लावायचा नाही. 1996 पासूनच्या गाड्यांचा कॉम्प्युटर ही व्यवस्था गळते का, हे स्वतःच तपासतो. अडाण्यानं जोडलेल्या टाकीमुळे 'चेक इंजिन'चा दिवा लागला की जर्सीच्या इन्स्पेक्शनमध्ये गाडी नापास.

डिझेल पिकअपवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. डिझेल पेट्रोलसारखं सहज वाफ होऊन पेटत नाही, आणि ॲक्सलच्या पुढे, पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या, त्या त्या मॉडेलसाठीच बनवलेल्या टाक्या मिळतात. ज्यांना रानावनात लांब ट्रेलर ओढायचा आहे, त्यांनी जरूर चौकशी करावी. मात्र डिझेल गॅलनला सात पौंड भरतं, हे विसरू नये. टाकी मोठी मिळते म्हणून मोठी घ्यावी असं नाही.

रॉकेलचा डबा नव्हे!

"टाकी नको तर पाच-पाच गॅलनचे चार कॅन ट्रेलरमध्ये टाकू," हा पुढचा विचार, आणि हा सर्वांत वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचते आणि ठिणगीची वाट बघत बसते. बंद ट्रेलरमध्ये, साउंड सिस्टिमच्या बॅटरीशेजारी तिला ती मिळायला वेळ लागत नाही. माणसं बसतात त्या भागात तर कॅन ठेवूच नये. हिरवळ कापायच्या यंत्रासाठी कॅन भरतानाही तो गाडीतून खाली उतरवून जमिनीवर ठेवून भरावा, गाडीच्या गालिच्यावर ठेवून नाही. तिथे स्थिर विजेची ठिणगी उडू शकते. आणि कॅन पूर्ण गळ्यापर्यंत भरू नये, उन्हात पेट्रोल फुगतं.

इथे कुणी सँडीची आठवण काढील. 2012 च्या ऑक्टोबरच्या अखेरीस ते वादळ आलं, आणि 3 नोव्हेंबरपासून आपल्या मिडलसेक्ससह बारा काउंट्यांमध्ये सम-विषम नंबर प्लेटप्रमाणे पेट्रोल मिळू लागलं. जुन्या मंडळींनी 1974 सालच्या सम-विषम रांगा पाहिल्या होत्या, त्यांना तर "आमच्या वेळी"ची पर्वणीच! पण सँडीत कित्येक पंपांवर पेट्रोल होतं, वीज नव्हती. अशा वेळी कामी आलं ते एकच, गाडीची आहे ती टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ न देण्याची सवय. 35 गॅलनची अर्धी टाकीही ट्रेलर नसताना दोनशे मैल नेते.

मग करायचं काय?

काकांना आम्ही सांगितलं ते असं.

पहिलं, गाडी वजन करून घ्या. मोठ्या ट्रक-स्टॉपवर काटा असतो. थोड्या डॉलरांत पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर, तिन्हींचे वेगवेगळे आकडे छापून मिळतात. प्रवासाला निघता तशीच, माणसांसकट गाडी न्या. मग ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा. प्रत्येक ॲक्सलची मर्यादा तिथे लिहिलेली असते.

दुसरं, पेट्रोल भरायची ठिकाणं निघण्याआधी ठरवा. काही मोठ्या ट्रक-स्टॉपवर आर. व्ही.साठी वेगळी रांग असते. तिथे पेट्रोल आणि डिझेल दोन्ही मिळतं आणि ट्रेलरसकट सरळ आत शिरून सरळ बाहेर निघता येतं. ट्रकच्या रांगेत शिरू नका, तिथे नुसतं डिझेल. काटा पाव टाकीवर यायच्या आधी भरा, म्हणजे अडचणीच्या पंपावर शिरायची वेळच येत नाही. (आणि एक, जर्सीत 1949 पासून पेट्रोल आपल्या हातानं भरायला बंदी. 2023 मध्ये ऑरेगननं सोडल्यापासून अशी बंदी असलेलं आपलं एकमेव राज्य. तेव्हा डेलावेअर नदी ओलांडायच्या आधी मुलांना पंप चालवायला शिकवा. पदवीधर मुलं पेनसिल्व्हेनियात पंपासमोर हात जोडून उभी राहिलेली आम्ही पाहिली आहेत!)

तिसरं, वेग कमी करा. सत्तरऐवजी साठनं गेलं की हवेचा अडथळा सुमारे पाव हिश्शानं घटतो. त्यातून दहा टक्के पेट्रोल जरी वाचलं, तरी 35 गॅलनमागे साडेतीन गॅलन फुकट. ट्रेलरच्या बऱ्याचशा टायरांना 65 च्या वर चालवायची परवानगीही नसते.

चौथं, रस्ता बघून घ्या. कनेटिकटचा मेरिट पार्कवे कितीही रमणीय असला तरी तिथे ट्रेलरला मज्जाव आहे. प्रॉव्हिडन्स-बॉस्टनला आय-95 धरावा.

आणि पाचवं, सर्वांत महत्त्वाचं. माणसं आणि ट्रेलर यांची फारकत करा. ढोल एका गाडीमागे, मुलं दुसऱ्या गाडीत.

काकांनी पहिली गोष्ट खरोखर केली. एका शनिवारी मुलं, डबे, ट्रेलर, सगळा लवाजमा घेऊन काट्यावर गेले. मागच्या ॲक्सलचा आकडा दारावरच्या मर्यादेच्या दीडशे पौंड वर निघाला. टाकी बसवायच्या आधीच! गेली दोन वर्षं ते तसेच हिंडत होते. काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, असं त्यांचा मुलगा सांगत होता. मग काकूंना म्हणाले, "अगं, या व्हॅनला दुसरी टाकी नको, दुसरा ड्रायव्हर हवाय."

आता पथकातल्या एका पालकांच्या पिकअपमागे ट्रेलर जातो. मुलं दोन गाड्यांत विभागून बसतात, व्हॅनच्या शेवटच्या बाकावर कुणीही नाही. पंपावर ट्रेलर वळवायचा घाम त्या पालकांना फुटतो आणि काका मागून सूचना देतात.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे ट्रेलर आहे, मग तो गणपतीच्या मखराचा असो, नाटकाच्या सेटचा असो की कॅम्पिंगचा, त्यांनी यंदा निघण्यापूर्वी एकदा काट्यावर जाऊन यावं. आकडे काय आले ते आम्हांला कळवा, नाव छापणार नाही. पुढच्या अंकात ट्रेलरचे टायर आणि त्यांचं वय.